चौदावा तुकडा

कुरायोशी
११ मार्च १९७९

इगाराशीसान,

"दोघींनी ऐकलंय ना, मग ते होतंच." माझी थोरली बहीण हिसाए हे वाक्य सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर म्हणाली होती. ताई आता नाही. त्यामुळे ते खरंच होतं का, हा प्रश्न मला एकटीलाच सोडवायचा आहे, आणि तो तुमच्यापुढे ठेवायचं धाडस करते आहे.

आपली ओळख नाही. पण 'पडद्यामागचे सूर' या आपल्या मंडळाच्या पत्रकात चित्रपटसंगीतावरच्या प्रश्नांना तुम्ही दिलेली उत्तरं मी गेली तीन वर्षं वाचते. बाकीचे सभासद उत्तर देताना आधी स्वतःची पाठ थोपटून घेतात. तुम्ही दोन ओळींत सांगून मोकळ्या होता. संपादकांकडे तुमचा पत्ता मागितला तर म्हणाले, "क्योतोच्या बाई आहेत, फटकळ आहेत, जपून लिहा." तेव्हा जपून लिहिते.

'ओल्या वाहाणा' हा चित्रपट तुम्हाला माहीत असेलच. त्यातला नदी ओलांडण्याचा प्रसंग आमच्या नदीत चित्रित झाला. डोक्यावर गाठोडी घेऊन गावातल्या बायका पाण्यातून पलीकडे जातात. त्या रांगेत सातवी, जिचा डोक्याचा रुमाल सुटतो, ती माझी ताई. तिला एकोणिसावं लागलं होतं आणि मी पंधराची होते. गावाने मदत केली म्हणून कंपनीने चित्रपट लागण्याआधीच तो आम्हाला शाळेच्या व्यायामशाळेत दाखवला. त्या प्रसंगाला संगीत होतं. बायका पाण्यात उतरल्या की एक बासरी सुरू व्हायची, मग खालून तारांची वाद्यं.

महिन्याभराने चित्रपट रीतसर लागला. आम्ही तिकीट काढून पुन्हा गेलो. नदीचा प्रसंग आला आणि नुसता पाण्याचा आवाज. ताईने अंधारात माझं मनगट धरलं. बाहेर आल्यावर ती वरचं वाक्य म्हणाली.

त्यानंतर मी तो चित्रपट जिथे लागेल तिथे पाहिला. दर वेळी पाणीच. सगळे जाणकार त्या शांततेचं कौतुक करतात. मी एकदा पत्रकात लिहिलं, तर एका सभासदाने उत्तर दिलं की लहान मुली मनातल्या मनात बऱ्याच गोष्टी ऐकतात.

आता संगीतकार हातानो शुनसाकु यांच्या चित्रपटांतल्या संगीताची नवी तबकडी निघाली आहे. पाकिटावर 'ओल्या वाहाणा'चे तुकडे ध्वनिमुद्रणातल्या क्रमांकांनी छापलेत. तेरानंतर एकदम पंधरा. नदीचा प्रसंग बरोबर त्या दोन्हींच्या मध्ये येतो.

चौदावा तुकडा कुठे गेला?

मियोशी ताझुको


उझुमासा, क्योतो
१२ एप्रिल १९७९

मियोशीसान,

मी फटकळ आहे हे संपादकांनी सांगितलं, ते बरं झालं. मला प्रस्तावना करावी लागत नाही.

चौदावा तुकडा नव्हताच. वादक मंडळी भारी देवभोळी. चारही 'शि' आणि मरणही 'शि', म्हणून दवाखान्यात चार नंबरची खोली नसते, तसंच हे. आकडा गाळतात आणि पुढे जातात. तुम्ही दोघी बहिणी तरुण होतात, व्यायामशाळेतला भोंगा खरखरत असेल, बाहेर कुणी बासरी वाजवत असेल. पाण्याचा आवाज पुरेसा आहे. तो प्रसंग तसाच चांगला आहे, असं सगळे म्हणतात.

मंडळाच्या नियमाप्रमाणे उत्तर देणाऱ्याने उलट प्रश्न विचारायचा. 'बांबूबनातली सून' या भुताच्या चित्रपटात मेलेली सून दाराशी येते तेव्हा एक लांबलचक, अंगावर काटा आणणारा सूर ऐकू येतो. तो कशावर काढला आहे?

इथे चेरी फुलून गळूनही गेली. गल्लीत झाडायला मी एकटीच.

इगाराशी कियो


कुरायोशी
६ मे १९७९

इगाराशीसान,

आधी तुमचं उत्तर. करवतीवर व्हायोलिनचा गज घासून. माझे यजमान पैजेवर सांगतात की तो मांजरीचा आवाज आहे, पण त्यांचं संगीताचं ज्ञान अंघोळीपुरतं आहे.

आता तुमच्या उत्तराबद्दल. रागावू नका, पण चार नंबरचा तुकडा तबकडीवर आहे की हो. पहिल्या बाजूला, सगळ्यांत मोठा तोच. मरणाच्या आकड्याला भिणाऱ्यांनी चार वाजवला आणि चौदा गाळला? आणि दवाखान्यातल्या खोल्यांचं मला सांगू नका. ताईची खोली पाच नंबरची होती, तीन नंबरच्या शेजारची. आम्ही त्यावर हसायचो. ती म्हणायची, "माझी चौथी खोली आहे, पण मृत्यूला आकडे मोजता येत नाहीत म्हणून मी वाचतेय." तिचा हिशेब चुकला.

तुम्हाला वादकांच्या सवयी इतक्या जवळून कशा माहीत? पत्रकातही तुम्ही एकदा लिहिलं होतं की कुठला तरी बासरीवाला ध्वनिमुद्रणाआधी मुळ्याचं लोणचं खायचा. कोण होता तो? तारुण्यात कुणा वादकावर जीव जडला होता का? सांगून टाका, मी कुणाला बोलणार नाही. यजमानांना सांगेन, पण ते ऐकत नाहीत.

थट्टा सोडून देते. तुम्ही लिहिलंत, "सगळे म्हणतात." तुम्ही स्वतः काय म्हणता, ते लिहिलं नाहीत.

ताझुको


उझुमासा
२ जून १९७९ (पोस्टकार्ड)

करवत नाही. चुकलात. काचेच्या वाडग्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवलं आहे.

बाकीच्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नाही. पावसाळी हवेत हात दुखतो, यापुढे लिहिणं जमेलसं वाटत नाही. तब्येत सांभाळा.

इगाराशी


कुरायोशी
९ सप्टेंबर १९७९

इगाराशीसान,

सोबतच्या पेटीत नासपती आहेत. मी फळांच्या सहकारी संस्थेत वेचणीचं काम करते. ज्यांच्या सालीवर डाग असतो ती आम्हाला घरी नेता येतात, आणि डागाचीच जास्त गोड असतात. उत्तराची अपेक्षा नाही. फळं खराब होतील म्हणून तरी पेटी उघडाल, एवढाच विचार केला.

मी आगाऊपणा केला. उन्हाळाभर तेच मनात होतं. अनोळखी बाईला कुणावर जीव जडला होता का असं विचारणारी मी कोण. तुमचं कार्ड वाचून यजमान म्हणाले, "बघ, तुला सगळीकडे जखमा दाबून बघायची खोड आहे." खरं आहे ते.

पण मला तो तुकडा का हवा आहे, हे मी तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं. ते सांगून थांबते.

चित्रपट लागला त्याच हिवाळ्यात ताईला क्षय झाल्याचं कळलं. समुद्राकाठी पाइनच्या झाडांत आरोग्यधाम होतं, तिथे ती दीड वर्ष होती. मी रविवारी जायची. तिला बोलायला मना होतं, म्हणून ती गुणगुणायची. डॉक्टरांनी गुणगुणू नकोस असं सांगितलं नव्हतं, असं तिचं म्हणणं. ती तेच गुणगुणायची, नदीतलं. मी तिच्यासाठी सफरचंद किसायची आणि ती खिडकीकडे तोंड करून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. एकदा म्हणाली, "ताझू, आम्ही पाण्यात उतरलो ना, तेव्हा इतकं गार होतं की मला रडू येत होतं. दिग्दर्शक ओरडत होता, सातवी, हसू नकोस. मी हसत नव्हते गं, दात वाजत होते. पण ते संगीत लागलं आणि बघताना मला वाटलं, ही बाई कुठेतरी चालली आहे."

तिचा एकही धड फोटो आमच्याकडे नाही. फक्त ती रांग आहे, अर्ध्या मिनिटाची, आणि तिच्यावर कुणीतरी घातलेलं ते संगीत. ते खोटं असेल तर रविवारच्या त्या खोलीत आम्ही दोघी काय करत होतो, तेच मला कळेनासं होतं.

उत्तर देऊ नका. फळं मात्र सोलून, मिठाच्या पाण्यात बुडवून खा, काळी पडत नाहीत.

ताझुको


उझुमासा
२१ ऑक्टोबर १९७९

मियोशीसान,

फळं खाल्ली. शेजारच्या तोफूवाल्यालाही दिली. तो म्हणाला, "कियोसान, डागाची फळं पाठवणारी मैत्रीण मिळायला नशीब लागतं." त्याचं दुकान नीट चालत नाही, पण बोलतो छान.

चौदावा तुकडा होता. तुम्ही आणि तुमच्या ताईने ऐकलंत ते होतं. आधी एवढं वाचा, मग हवं तर पत्र खाली ठेवा आणि नंतर पुढचं वाचा.

हातानो शुनसाकु माझे यजमान. इगाराशी हे माझं माहेरचं नाव. ते गेल्यावर मी या नावाने मंडळात आले, कारण हातानोंच्या बायकोसमोर लोक वाकतात आणि खोटं बोलतात. इगाराशीसमोर सभासद मनसोक्त भांडतात. गेल्या वर्षी एकाने लिहिलं की हातानोंचे वॉल्ट्झ म्हणजे ओले पाव. मी ते तोफूवाल्याला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं खूप हसलो. भुताच्या सुनेचं ते वाडगं माझ्याच स्वयंपाकघरातलं. परत आलं तेव्हा त्याला चीर गेली होती. बासरीवाल्याचं लोणचंही माझंच.

तुमच्या गावात दाखवलेला चित्रपट अजून पुरता झाला नव्हता. तो पाहून दिग्दर्शकांनी ठरवलं की नदीला संगीत नको, पाणीच हवं. त्यांनी यजमानांना बोलावलं. यजमान म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." घरी आले, जेवले नाहीत, बागेतल्या दगडांवरचं शेवाळ खरवडत बसले. नंतर चित्रपट गाजला तो त्या शांततेसाठी. लोक वीस वर्षं घरी येऊन म्हणायचे, "हातानोसान, नदीपाशी तुम्ही गप्प राहिलात, तिथे तुम्ही मोठे." यजमान मान लववायचे. पाहुणा गेला की चहाचा कप स्वतः उचलून विसळायचे. एरवी त्यांनी घरात कधी कप उचलला नाही.

आठ वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात चौदाव्या तुकड्याची स्वरलिपी होती, रेशमी रुमालात गुंडाळलेली. आपण गेलेल्या माणसाच्या आवडीचं त्याच्याबरोबर शवपेटीत ठेवतो. कुणी चष्मा ठेवतं, कुणी सिगारेट. मी तो रुमाल त्यांच्या हाताशी ठेवला. सगळ्यांनी फुलं घातली, झाकण लागलं, आणि गाडी दाहगृहाकडे निघाली. वाटेत माझ्या मनात आलं की रुमालात माणूस आवडीचं गुंडाळतो तसं नावडीचंही गुंडाळतो. कुठलं होतं ते, मला माहीत नाही. मी ते कधी ऐकलंच नव्हतं. स्टुडिओतली टेप केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला वापरली होती. मला स्वरलिपी वाचता येत नाही, सूरही नाही. लग्नानंतर एकदा मी भांडी घासताना गायले, तर यजमान खोलीतून येऊन हळूच म्हणाले, "कियो, पाणी जरा मोठं सोडशील?"

तबकडीवाले विचारायला आले तेव्हा मी सांगितलं, चौदावा नाही. तुम्हालाही तेच सांगितलं. नाही म्हटलं की मी काय जाळलं, हा प्रश्न उरत नव्हता.

आता जगात तो तुकडा फक्त तुमच्यापाशी आहे. गाऊन कॅसेटवर पाठवाल का? गळा कसाही असू दे. माझ्यापेक्षा वाईट नसेल.

हातानो कियो


कुरायोशी
१६ डिसेंबर १९७९

कियोसान,

तुमचं पत्र मी पहिल्या ओळींवर थांबून खाली ठेवलं, तुम्ही सांगितलं तसं. मग अंगणात गेले. वाळत घातलेले मुळे उगाचच उलटेपालटे केले. यजमानांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "होतं." ते म्हणाले, "मग होतंच की, मी कधी नाही म्हटलं?" त्यांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं, हे खरं. पण हो सुद्धा म्हटलं नव्हतं.

कॅसेट सोबत आहे. ती करायला इतका उशीर का झाला, ते सांगायला हवं.

मला वाटत होतं की ते संगीत मला पाठ आहे. भाच्याचं यंत्र आणलं, खोलीचं दार लावलं आणि सुरुवात केली. बाहेरून यजमान म्हणाले, "दाढ दुखतेय का?" मी पुन्हा म्हटलं, मग लावून ऐकलं. आणि मला कळलं की मी म्हणतेय ते व्यायामशाळेतलं नाही. ते मी एकदाच ऐकलं होतं. मला पाठ आहे ते ताईचं गुणगुणणं.

सुरुवातीला बासरी चढते, तिथे ती पाचव्या सुरावर थांबायची. पुढे एक लांब उतार आहे, त्यात दोनदा थांबायची. शेवटाच्या आधी मोठी विश्रांती, तेवढ्यात मी तिला पाण्याचा पेला द्यायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते संगीत तसंच आहे, थांबत थांबत जाणारं, पाण्यात पाय टाकण्यापूर्वी बाई थबकते तसं. मी त्यावर मनातल्या मनात किती विचार केला होता. हातानोसाननी किती समजून लिहिलंय, असं म्हणायची. आता कळत नाही. कुठली थांबण्याची जागा तुमच्या यजमानांची आणि कुठली ताईच्या फुप्फुसांची, मला वेगळं करता येत नाही.

मी थांबे गाळून म्हणून पाहिलं. उतारातच मी यंत्र बंद केलं. ज्या ठिकाणी तिचा श्वास संपायचा तिथून मी पुढे निघून गेले, आणि ती मागे खाटेवर राहिली, असं झालं. ते मला पुन्हा करायचं नाही.

तेव्हा कॅसेटवर आहे ते ताई म्हणायची तसंच आहे, तिच्या थांबण्यासकट. शेवटी खोकल्यासारखं ऐकू येतं, तो मात्र माझाच. तुम्हाला हवं होतं ते हे नाही, ठाऊक आहे. माझ्याकडे एवढंच आहे.

नव्या वर्षाच्या आधी पोचेल अशा बेताने टाकते आहे. जपून राहा, क्योतोची थंडी तळपायातून चढते म्हणतात.

ताझुको


उझुमासा
३ फेब्रुवारी १९८०

ताझुकोसान,

कॅसेट वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात पोचली. माझ्याकडे यंत्र नाही, तोफूवाल्याचं आणलं. तो म्हणाला, "काय ऐकणार आहात?" मी म्हटलं, "यजमानांना." तो दुकानात निघून गेला.

मी पहिल्यांदा ऐकलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं. तुमचा गळा चांगला आहे. दाढदुखी वगैरे काही नाही.

ते त्यांचंच आहे. सांगते कसं. तुम्ही ज्याला लांब उतार म्हणता, तो मला ओळखीचा आहे. बऱ्याच वर्षांनी त्यांनी लहान मुलांच्या एका चित्रपटाला संगीत दिलं, कोल्ह्याच्या पिल्लाची गोष्ट होती. त्या काळात सकाळी न्याहारीआधी ते उभ्याउभ्या एका बोटाने पियानोवर तो उतार वाजवायचे, आणि मी आतून ओरडायचे, "भात गार होतोय." चित्रपटात तो आला नाही, दुसरंच काही आलं. पण सकाळी ते वाजवायचे तो हाच. नावडतं असतं तर माणूस न्याहारीआधी वाजवत नाही. त्यांना तो तुकडा आवडत होता. मी त्यांच्याबरोबर पाठवलं ते योग्य पाठवलं. आठ वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या फोटोसमोर नुसती बसले.

पण त्यामुळेच मला आणखी एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगू की नको असं महिनाभर चाललं होतं. ते उतारात थांबत नसत. एका बोटाने वाजवत असले तरी वरपासून खालपर्यंत एका दमात यायचे, आणि खाली आल्यावर जरा रेंगाळायचे. तुमच्या कॅसेटवरचे ते दोन्ही थांबे त्यांचे नाहीत. तुमच्या ताईचे आहेत. ते तुमच्याकडेच राहू देत, त्यांच्यावर माझा हक्क नाही. दुसरं कुणी तुम्हाला हे खात्रीने सांगू शकलं नसतं, म्हणून सांगितलं.

यजमानांचा एक विद्यार्थी हल्ली बऱ्यापैकी नावाजलेला आहे. त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मी थांबे काढून लिहून देतो, वादकांकडून वाजवून घेऊ, तबकडीच्या पुढच्या आवृत्तीत चौदावा घालू." चांगला मुलगा आहे. मी नको म्हटलं. तो लिहील ते त्याचं होईल. शिवाय त्याला थांबे म्हणजे चुका वाटतात.

मी स्वतः करून पाहिलं. अडुसष्टाव्या वर्षी स्वयंपाकघरात उभी राहून, पाणी मोठं सोडून. मला चढताच येत नाही, उतार दूरच. मनातल्या मनात थांबे गाळून ऐकायचा प्रयत्न करते, तर तुमच्या ताईचा श्वास संपतो तिथे माझाही संपतो. मला तिची खोली दिसते, पाइनची झाडं दिसतात, किसलेलं सफरचंद दिसतं. नदी दिसत नाही. त्या बाईला पलीकडे जाताना मी एकदाही ऐकलेलं नाही, ताझुकोसान. ते लिहिणाऱ्या माणसाबरोबर मी इतकी वर्षं काढली, आणि त्यांनी एका दमात काय म्हटलं होतं ते मला माहीत नाही.

हे फक्त तुम्हाला जमेल. कुठे थांबायचं नाही ते जगात तुम्हालाच ठाऊक आहे.

तसं म्हणताना ती मागे राहते, हे तुम्ही लिहिलंत. ते पुन्हा करायचं नाही, हेही लिहिलंत. मी ते पुन्हापुन्हा वाचलं आहे. तुमच्या जागी मी असते तर नाही म्हटलं असतं, आणि विचारणाऱ्या बाईला पत्र लिहिणंही सोडलं असतं. तुम्ही नाही म्हणाल, हे धरूनच पाकिटाला गोंद लावणार आहे.

तरी मागते. एकदाच, मध्ये कुठेही न थांबता, तो तुकडा माझ्यासाठी म्हणाल का?

कियो